नागपूरची हद्द आणि जनतेचा हक्क

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हद्दीचा प्रश्न वरकरणी रूक्ष वाटतो. नकाशे, सर्व्हे नंबर, राजपत्रातील अधिसूचना, हरकतींची मुदत अशा कागदपत्रांत तो गुंडाळलेला असतो आणि म्हणून राजकीय कार्यकर्ता सहसा त्याकडे पाठ फिरवतो. आमच्या मते ही उपेक्षा महागात पडणारी आहे. कोणत्या घराचा कर कोणत्या तिजोरीत जाणार, कोणत्या वस्तीला नळ मिळणार, कोणाचे घर अनधिकृत ठरणार आणि त्याचा जाब कोणाला विचारता येणार, हे सारे हद्दीची रेघ ठरविते. ही रेघ कोणी ओढावयाची, हा विकेंद्रीकरणाच्या मुळाशी असलेला राजकीय प्रश्न आहे. नागपूर शहर आणि त्याच्या भोवतालची गावे यांच्या अनुभवातून तो फार स्पष्टपणे समोर येतो.

एक शहर, अनेक धनी

नागपूर महानगरपालिका १९५१ साली अस्तित्वात आली. त्यापूर्वीच, जुन्या मध्यप्रांताच्या कायदेमंडळाने केलेल्या १९३६ च्या कायद्याने, नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला होता. दाट वस्तीच्या जुन्या शहराबाहेर नव्या वसाहती आखणे, रस्ते काढणे, भूखंड पाडणे हे त्याचे काम. तत्कालीन नगरपालिका दुबळी होती, साधने तुटपुंजी होती, आणि अशा वेळी एखाद्या खास मंडळाकडे हे काम सोपविणे समजण्यासारखे होते. परंतु प्रौढ मतदानाने निवडलेली महानगरपालिका आल्यावर प्रन्यासाने आपला संसार आवरता घ्यावयास हवा होता. तसे झाले नाही. जमिनी, भाडेपट्टे आणि अभिन्यासांची मंजुरी प्रन्यासाकडे राहिली. मते, झाडलोट आणि नागरिकांच्या शिव्या महानगरपालिकेच्या वाट्याला आल्या. एकाच हद्दीत दोन सत्ता नांदू लागल्या. त्यांतील एक लोकांना उत्तरदायी होती, पण तिच्या हाती जमीन नव्हती. दुसरीच्या हाती जमीन होती, पण तिचा अध्यक्ष सरकारी अधिकारी होता.

२००२ साली शासनाने शहराच्या बहुतेक भागाचे नियोजन महानगरपालिकेकडे दिले, परंतु प्रन्यासाच्या काही योजना वगळल्या. २०१६ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने प्रन्यास बरखास्त करण्याचा निर्णय घेतला. पुढे सरकार बदलले आणि प्रन्यास पुन्हा जिवंत ठेवण्यात आला. यांपैकी कोणता निर्णय योग्य, हा वाद क्षणभर बाजूस ठेवू. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की दोन्ही निर्णय मुंबईत झाले. ज्या नागपूरकरांच्या घरांचे आणि भूखंडांचे भवितव्य त्यावर अवलंबून होते, त्यांना कोणी विचारले नाही.

या दुहेरी सत्तेचा खरा फटका बसला तो कष्टकऱ्यांना. गिरणी कामगार, विणकर, रिक्षावाले, बांधकाम मजूर, कनिष्ठ कर्मचारी यांनी शहराच्या कडेला शेतकऱ्यांकडून तुकडे विकत घेऊन घरे बांधली. प्रन्यासाने पाडलेले भूखंड त्यांच्या आवाक्यात नव्हते. ही वस्ती कोणाच्या डोळ्यांआड वाढली नाही. मतदार याद्यांत तिची नावे नियमाने चढत होती. नागपूरकरांच्या बोलण्यात '५७२ लेआऊट' आणि '१९०० लेआऊट' हे शब्द रुळले आहेत. हे आकडे म्हणजे अनधिकृत ठरविलेल्या अभिन्यासांची गणती होय. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ही घरे नियमित करण्याचा मार्ग काढला खरा, पण विकास शुल्क एकाकडे भरावयाचे, रस्ता आणि गडार दुसऱ्याकडे मागावयाचे, आणि दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवावयाचे, हा अनुभव त्या वस्त्यांना वर्षानुवर्षे आला. त्यांना नडली ती हद्दीची अस्पष्टता, आणि त्या अस्पष्टतेत कोणाचे तरी हितसंबंध होते.

वेशीबाहेरची गर्दी

शहराबाहेरची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. २०१३ साली हुडकेश्वर आणि नरसाळा महानगरपालिकेत घेण्यात आले आणि शहराचे क्षेत्र सुमारे २२७ चौरस किलोमीटर झाले. परंतु शहर काही तेथे थांबत नाही. अमरावती मार्गावर वाडी, हिंगण्याकडे वानाडोंगरी, वर्धा मार्गावर बुटीबोरी, दक्षिणेस बेसा-पिपळा अशी गावे शहराला चिकटून वाढली आणि एकामागून एक ग्रामपंचायतीच्या नगरपरिषदा वा नगरपंचायती झाल्या. हिंगणा व बुटीबोरी येथे औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे आहेत. मिहान प्रकल्पासाठी विमानतळ विकास कंपनीची वेगळी सत्ता आहे. खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव येथील शेतकऱ्यांनी तिच्यासाठी जमिनी गमावल्या आहेत. कामठीला छावणी मंडळ आहे. या सर्वांवर २०१७ साली नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले. त्याच्या कक्षेत सातशेहून अधिक गावे आणि सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटर प्रदेश आहे. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली चालणाऱ्या या प्राधिकरणाचा दैनंदिन कारभार सनदी अधिकाऱ्याच्या हाती असतो.

आता एखाद्या गावच्या रहिवाशाची अवस्था पाहा. घरपट्टी तो ग्रामपंचायतीला देतो. बांधकामाची परवानगी प्राधिकरणाकडे मागतो. रस्ता जिल्हा परिषदेचा, पलीकडचा कारखाना औद्योगिक महामंडळाचा, दवाखाना शहरातला. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर विश्वासून ज्यांनी घर बांधले, त्यांच्या हाती पुढे प्राधिकरणाच्या नोटिसा आल्या. शिक्का देणारे सरपंच आणि नोटीस देणारे अधिकारी हे दोघेही शासनाच्याच छत्राखालचे. शिक्षा मात्र आयुष्याची पुंजी घरात घातलेल्या माणसाला!

कायद्याने दिले काय, ठेवले काय

१९९२ साली संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १९९३ साली त्या अमलात आल्या. पंचायतींसाठी २९ विषयांची आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांची अनुसूची घटनेत आली. नियमित निवडणुका, महिला आणि दलित-आदिवासींना राखीव जागा, राज्य वित्त आयोग या गोष्टींचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तथापि एक मूलभूत अधिकार या दुरुस्त्यांनी जनतेला दिला नाही: आपण कोणत्या संस्थेत राहावयाचे हे ठरविण्याचा. अनुच्छेद २४३ क्यू अन्वये लोकसंख्या, घनता, महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व पाहून कोणते क्षेत्र ग्रामीण आणि कोणते नागरी हे राज्यपाल, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ, ठरविते. त्याच अनुच्छेदात औद्योगिक नगरीसाठी पळवाट आहे: तेथे नगरपालिका स्थापन न करण्याची मुभा सरकारला आहे.

महाराष्ट्राच्या कायद्यांत 'विचारविनिमय' हा शब्द आहे. महानगरपालिकेची हद्द बदलताना महानगरपालिकेशी, गावाची हद्द बदलताना पंचायतीशी आणि जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीशी. पण विचार घेणे म्हणजे संमती घेणे नव्हे. १९८९ साली कल्याण महापालिका आणि उल्हासनगर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, महापालिकेची हद्द ठरविणे हे कायदे करण्याच्या स्वरूपाचे काम आहे आणि म्हणून नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वावर प्रत्येकाची सुनावणी घेण्याचे बंधन सरकारवर नाही. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय मान्य करावाच लागेल. परंतु जे न्यायालयाने दिले नाही ते विधिमंडळाने देऊ नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

या मोकळीकीचा वापर सरकारांनी कसा केला, हे राज्याने पाहिले आहे. कल्याण-डोंबिवलीतील २७ गावे १९८३ साली महापालिकेत आली, २००२ साली बाहेर काढली गेली, २०१५ साली पुन्हा आत घेतली गेली, २०२० साली त्यांतील १८ वगळण्याची अधिसूचना निघाली आणि महापालिकेशी आवश्यक तो विचारविनिमय न झाल्याने त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुण्याच्या कचऱ्याचा भार वाहणारी उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे २०१७ साली महापालिकेत घेण्यात आली आणि पाच वर्षांत त्यांना वगळण्याचा निर्णय झाला. हद्द बुद्धिबळाच्या पटावरील प्याद्याप्रमाणे पुढेमागे सरकते, आणि खेळणारा हात बहुधा आगामी निवडणुकीचा विचार करीत असतो.

नागपूर जिल्हा परिषदेची मुदत २०१७ साली संपली. निवडणूक मात्र जानेवारी २०२० मध्ये झाली. ग्रामपंचायतींचे नागरी संस्थांत रूपांतर आणि आरक्षणाची मर्यादा या वादांत जवळपास तीन वर्षे गेली. महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. हद्दीचा वाद लांबला की लोकप्रतिनिधींची खुर्ची रिकामी होते आणि नोकरशाहीची भरते. हा योगायोग नव्हे, ही व्यवस्था आहे.

वादाचे मूळ महसुलात

हद्दीवरून दोन संस्था का भांडतात? अस्मिता हे त्याचे सांगितले जाणारे कारण. खरे कारण पैसा. जकात होती तोवर तर हद्दीची रेघ म्हणजे पैशाचीच रेघ होती. नाक्याच्या अलीकडे माल उतरवला तर कर, पलीकडे उतरवला तर नाही. नागपुरात २०१३ साली जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१५ साली त्याचाही मोठा भाग गेला आणि २०१७ च्या वस्तू व सेवा कराने महापालिकांना राज्याच्या भरपाईवर अवलंबून केले. आता स्थानिक संस्थेच्या हाती मालमत्ता कर आणि बांधकामाशी निगडित शुल्के एवढीच काय ती ठोस साधने उरली. साहजिकच ज्या गावात कारखाने, गोदामे, मंगल कार्यालये आणि उंच इमारती आहेत ते प्रत्येकाला हवे असते. ज्या गावात केवळ शेतमजूर आणि कच्च्या विहिरी आहेत ते कोणालाच नको असते. राज्य सरकारने वरून साधने काढून घेतली आणि खाली भांडण लावून दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

गावाची बाजू, शहराची बाजू

शहरात जाण्यास गावे विरोध करतात, तेव्हा तो केवळ अडाणीपणा नसतो. गाव शहराच्या हद्दीत गेले की ग्रामसभा संपते. वर्षातून काही वेळा समोरासमोर उभे राहून हिशेब मागण्याची जागा नाहीशी होते. भूमिहीन मजुराला ग्रामीण रोजगार हमीचे काम मागता येत नाही. महाराष्ट्राने १९७७ साली ज्या हक्काला कायद्याचे रूप दिले, तो एका अधिसूचनेने पुसला जातो. घरपट्टी वाढते, नळ मात्र पुढच्या टप्प्यात येतो.

परंतु दुसरी बाजूही कार्यकर्त्यांनी प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. गावाच्या स्वातंत्र्याच्या नावाने ओरडणाऱ्यांत जमिनीचे तुकडे पाडून विकणारे, कर चुकविणारे आणि नियमांतून सुटू पाहणारे लोकही असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ग्रामव्यवस्थेच्या संकुचितपणाबद्दल जो कठोर इशारा दिला होता, तो दीक्षाभूमीच्या या नगरीत तरी विसरता येणार नाही. ज्या गावात दलित वस्ती वेशीबाहेर राहिली, तेथील मजुराला शहराची हद्द मुक्तीची वाटू शकते. आणि शहराचेही एक म्हणणे आहे: शेजारच्या गावांतील हजारो माणसे रोज नागपुरात येतात, येथील रस्ते, मेडिकल आणि बाजार वापरतात, मग त्या खर्चाचा वाटा कोणी उचलावा?

म्हणून 'गाव विरुद्ध शहर' हा झगडा आम्हांस मान्य नाही. गावातील आणि शहरातील श्रमिकांचे हित एकच आहे.

पाणी आणि राख हद्द ओळखत नाहीत

याची प्रचीती निसर्ग देतो. नागपूर पाणी पिते ते पेंच आणि कन्हानचे. पेंचचे पाणी शेतीसाठी अडवले गेले. शहराची मागणी वाढत गेली तसा पारशिवनी, रामटेक भागातील शेतकऱ्याशी तिचा संघर्ष उभा राहिला. शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तेथून वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन मिळते. भंडारा जिल्ह्यातील ज्या गावांना ते भोगावे लागते त्यांना नागपूर महापालिकेत एकही मत नाही. कोराडी आणि खापरखेडा येथील वीज साऱ्या राज्याला, राख मात्र आसपासच्या शिवारांना. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राखमिश्रित पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले. त्यानंतर तलाव, सांडवा, पात्र आणि काठावरील बांधकामे यांची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा निवाडा उच्च न्यायालयापुढे चालला. पाणी एक, खोरे एक, जबाबदाऱ्या मात्र चौघांत विभागलेल्या.

विदर्भात या एकतेचा विचार पूर्वी झालेला आहे. १९४८ च्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायद्याने जनपद सभा आल्या. तहसील हा घटक मानून ग्रामीण आणि नागरी कारभार जवळ आणण्याची कल्पना त्यांच्या मुळाशी होती. त्या सभा दुबळ्या राहिल्या, त्यांच्या हाती पैसा दिला गेला नाही, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर त्या इतिहासजमा झाल्या. पण गाव आणि शहर यांत भिंत उभी करणारी आजची मांडणीच एकमेव आहे, या समजुतीला तो इतिहास छेद देतो. डॉ. राममनोहर लोहियांनी मांडलेल्या चौखंबा राज्यातही गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चारही खांब सार्वभौमत्वाचे वाटेकरी आहेत. एक खांब दुसऱ्याचा नोकर नाही. आज मात्र खालचे दोन खांब तिसऱ्याच्या मर्जीवर उभे आहेत.

आमच्या मागण्या

या परिस्थितीतून वाट काढावयाची तर केवळ निषेधाचे ठराव पुरेसे नाहीत. आमच्या मते चार गोष्टींसाठी आग्रह धरला पाहिजे.

पहिली, संमतीची. कोणत्याही गावाचा समावेश, वगळणूक वा रूपांतर संबंधित ग्रामसभेच्या गुप्त मतदानाने व्यक्त झालेल्या संमतीवाचून होऊ नये. महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचाही ठराव आवश्यक असावा, आणि प्रशासकाच्या कारकिर्दीत हद्द बदलण्यास कायद्याने मनाई असावी.

दुसरी, निःपक्ष यंत्रणेची. निवडणुका घेण्याचे काम जसे राज्य निवडणूक आयोगाकडे दिले, तसे स्थानिक हद्दींचे काम स्वतंत्र आयोगाकडे द्यावे. त्याने दर जनगणनेनंतर उघड सुनावण्या घेऊन, कारणे लिहून शिफारस करावी. विधिमंडळाने ती नाकारल्यास तेही कारणे लिहून नाकारावी.

तिसरी, महानगर नियोजन समितीची. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी घटनेच्या अनुच्छेद २४३ झेडईने अशी समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडावयाचे असतात. महाराष्ट्राने १९९९ साली त्यासाठी कायदाही केला. मग नियोजनाची खरी सूत्रे प्राधिकरणाच्या कार्यालयात का असावीत? प्राधिकरण हे या समितीचे तांत्रिक हस्तक व्हावे, मालक नव्हे. आणि सुधार प्रन्यासाच्या जमिनी व जबाबदाऱ्या निवडून आलेल्या संस्थेकडे, तेथील कामगारांच्या नोकऱ्यांना धक्का न लावता, सोपविल्या जाव्यात.

चौथी, महसुलाच्या वाटणीची. औद्योगिक क्षेत्रे, मिहान आणि वीज केंद्रे यांच्याकडून मिळणाऱ्या कराचा ठराविक हिस्सा संपूर्ण महानगर प्रदेशाच्या सामाईक निधीत जावा आणि तो लोकसंख्या व दारिद्र्य यांच्या प्रमाणात वाटला जावा. कारखाना कोणाच्याही हद्दीत असला तरी त्याच्या फळात सर्वांचा वाटा असेल, तर हद्दीवरून भांडण्याचे निम्मे कारण उरणार नाही. त्याबरोबरच हद्द बदलली तरी रोजगाराचा हक्क, घरकुलाचा हक्क आणि जिल्हा परिषदेच्या शाळा किमान काही वर्षे अबाधित राहतील, अशी कायद्याची हमी हवी.

या मागण्या अव्यवहार्य आहेत, असे म्हटले जाईल. ग्रामसभा संमती देणार नाहीत, शहराची वाढ खुंटेल, असेही सांगितले जाईल. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या शहराला आपल्या शेजाऱ्याची संमती मिळवता येत नाही, त्याने आपण शेजाऱ्याला काय देतो याचा विचार करावा. नळ, शाळा आणि बससेवा घेऊन येणाऱ्या महापालिकेला गावे नाकारणार नाहीत. नोटीस आणि कचऱ्याची गाडी घेऊन येणाऱ्या महापालिकेला मात्र नाकारतील, आणि ते योग्यच होईल.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. हद्दीची अधिसूचना निघते तेव्हा हरकतींसाठी ठरलेली मुदत असते. त्या मुदतीत गावोगाव ग्रामसभा बोलवा, अधिसूचना मराठीतून वाचून दाखवा, भूमिहीन मजूर आणि गुंठेवारीतील भाडेकरू यांचे म्हणणे नोंदवून घ्या, कारण हरकती बहुधा जमीनवाल्यांच्याच दाखल होतात. वाडीतला कार्यकर्ता आणि नागपुरातला कार्यकर्ता यांनी वेगवेगळ्या सभा घेण्यापेक्षा एका व्यासपीठावर यावे. आपल्याच पक्षातील शहरवासी आणि ग्रामवासी कार्यकर्ते या प्रश्नावर एकमेकांविरुद्ध उभे राहिले, तर सरकारला आणखी काय हवे? सत्ता मुंबईहून नागपुरास आली आणि नागपुरात येऊन एखाद्या प्राधिकरणाच्या कचेरीत अडकून बसली, तर त्याला विकेंद्रीकरण म्हणता येणार नाही. ती नरसाळ्याच्या गल्लीपर्यंत आणि खसाळ्याच्या शिवारापर्यंत पोहोचली पाहिजे. ते काम अधिसूचनेने होत नाही, संघटनेने होते.